एका मुक्कामाच्या आत

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मोर्चा संपला की उरलेला गठ्ठा काका घरी आणायचे. त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर मी वाचायला शिकले, आणि भांडायलाही. त्यामुळे धाकट्या बहिणीला दिल्लीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि वडील, म्हणजे आबा, नको म्हणाले, तेव्हा माझं भाषण तयारच होतं.

आबांची अडचण दिल्ली नव्हती, मुक्काम होता. आम्ही मेंढपाळ. मेंढरं चारत निघालं की चकलांबा गाव कितव्या मुक्कामाला येतं, ते आबा झोपेतही सांगतील. आणि आमच्यात रीत अशी, की लेक तेवढ्याच लांब धाडायची, जिथून सकाळी निघाली तर वाटेत मुक्काम न करता माहेरी पोचेल.

त्या दिवशी मेंढरं आमच्या नांदूरघाट गावाबाहेर एका शेतात बसवली होती. दिवस मावळत होता. खुरांची धूळ हवेत तरंगत होती आणि तिच्यातून सगळं रान पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. वर एक विमान आवाज न करता सरकत होतं, त्याच्या पोटाला अजून ऊन होतं. आबा, बहीण आणि मी वर बघत राहिलो. माझं भाषण कुठल्या कुठं विरून गेलं.

मी फोन काढला. त्यात बीड टाकलं की तो जवळचं विमानतळ सुचवायचा. जवळचं कुणाला? याची चीड मला आजही येते. हे फोन बनवणाऱ्यांचा प्रवास विमानतळावर सुरू होतो. तिथं पोचेपर्यंत आमचा दिवस गेलेला असतो. शेवटी पुणे ते दिल्ली बघितलं. हवेतून बाराशे किलोमीटरच्या आसपास, सव्वादोन तास.

मधे पाण्याला थांबतं का, आबांनी विचारलं. बहीण हसली. एका दमात जातं म्हणाली.

मग आबा मनातल्या मनात दिल्लीहून घराकडे निघाले. पहाटेचं विमान. सकाळी पुणं. एसटीनं दिवस कलता तालुक्याचं केज. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून जरा थांबत, तिथलं रान बघून घेतल्यासारखे. केजला आल्यावर मात्र त्यांनी डोळे उघडले.

"आन् नांदूरघाटाची शेवटची जीप गेलेली असली तर?"

सगळं आभाळ ओलांडून आम्ही केजच्या स्टँडवर अडकलो होतो.

"तर मी काय करू, आबा?" बहिणीनं हळूच विचारलं.

"तू काय करतीस? बसायचं तिथंच. मी येतो की घ्यायला."

ते उठले. मेंढरांभोवतीच्या जाळीची दोरी ताणून बघितली.

"मुक्काम न्हाई पडत," ते म्हणाले. "जा."

दिवाळीला ती आली. अंधार पडायच्या बेताला एसटी केजला पोचली. जीप उभी होती, अर्धी रिकामी. शेजारी घोंगडं अंथरून आबा बसले होते, दुपारपासून.