लोकलहोस्टचा पाहुणचार

पाहुण्यासमोर लोणच्याची बरणी धरून "बघायची परवानगी आहे, हात लावायची नाही" असं सांगणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?

जॉन्सनव्हिलचे आमचे डेटाबेसवाले काका तसे होते. कुणालाही गरजेपेक्षा कणभर जास्त अधिकार देऊ नये, यावर त्यांच्याइतका ठाम माणूस अख्ख्या न्यूझीलंडात सापडायचा नाही. ऑफिसात कुणी काय वाचावं, काय लिहावं हे ठरवता ठरवता त्यांनी घरालाही तेच नियम लावले होते. दाराशी प्रत्येक पाहुण्याची जँडलची, म्हणजे रबरी चपलांची, जोडी ठरलेली. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने गॅरेजची किल्ली मागितली, तर काकांनी विचारलं, कोणत्या फळीपर्यंत? तो बिचारा "स्वीट अ‍ॅज", म्हणजे इथल्या भाषेत 'काही हरकत नाही', म्हणून स्वतःच्या व्हॅनमधून पाना घेऊन आला. काकू मुलीच्या बाळंतपणाला मेलबर्नला गेल्या त्या तिथेच रमल्या. फोनवर बाळाचा आवाज आला की काका गरजत, "याला रडायचा अधिकार कुणी दिला?" काकू म्हणत, "तुम्हीच या आणि काढून घ्या."

मी मोर्च्यांची पत्रकं वाचत वाढलेली. अधिकार कुणी कुणाला 'द्यायचे' असतात, हेच मला मान्य नव्हतं. त्यात आमच्या रविवारच्या मराठी वर्गाची शब्दपेढी काकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर. इथे जन्मलेल्या मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. म्हणून प्रत्येकाने घरून एक शब्द आणायचा आणि मी तो लगेच पेढीत लिहायचा, नाहीतर तो गेलाच.

"काका, मला सगळे अधिकार द्या."

"सगळे? शब्द पुसायचेत का तुला?"

"नाही."

"मग पुसायचा अधिकार कशाला?"

"तत्त्व म्हणून!"

"अगं, तत्त्वाच्या नावाने युजर उघडता येत नाही."

शेवटी त्यांनी माझ्या नावाचा युजर केला, पासवर्ड दिला, वाचायचा आणि भर घालायचा अधिकार दिला. घरी येऊन बघते तर पासवर्ड बरोबर आणि प्रवेश बंद. फोन केला. "तुझ्या नावापुढे लोकलहोस्ट लिहिलंय ना," काका म्हणाले. होस्ट म्हणजे यजमान, लोकल म्हणजे जॉन्सनव्हिलचा. हे तर स्वतःलाच म्हणतायत! "मला कुणा यजमानाची मेहेरबानी नको," मी भडकले. ते बराच वेळ हसत राहिले. लोकलहोस्ट म्हणजे तोच कॉम्प्युटर. माझा युजर फक्त त्यांच्या घरी बसूनच चालणार होता.

"मग बदला ना!"

"बघू. सुरक्षेचा विचार करावा लागेल. तू ये, पोहे केलेत."

तेव्हापासून वर्ग सुटला की मी तिथे. मी शब्द लिहायचे, ते मागे उभे राहून मोठ्याने वाचायचे. 'किडूकमिडूक' आला त्या दिवशी मला निघूच देईनात. सुरक्षेचा विचार मात्र संपेना. कधी म्हणत विसरलो, कधी म्हणत आज वारा फार आहे. वाऱ्याचा डेटाबेसशी काय संबंध, मला आजवर कळलेलं नाही.

निवृत्त होऊन मेलबर्नला निघताना त्यांनी कॉम्प्युटर वर्गाला दिला आणि लोकलहोस्टच्या जागी टक्क्याचं चिन्ह टाकलं. म्हणजे कुठूनही या. चहाला उकळी फुटायच्या आत झालं.

"इतकंच होतं?"

"इतकंच." आणि ते दाराशी जाऊन माझी जँडलची जोडी शोधू लागले. "ही घेऊन जा. तुझीच आहे."

आता मी घरूनच शब्द लिहिते. कशाला म्हणून कुणी विचारत नाही, मागून मोठ्याने कुणी वाचत नाही. लोकलहोस्ट ही त्यांची चूक होती की युक्ती, माझा अजून गोंधळच आहे. तुम्हाला मात्र एक विनंती. "हे फक्त माझ्याच घरून चालतं" असं कुणी म्हणालं, तर तत्त्वाचं भांडण जरा बाजूला ठेवा आणि जा. दुरुस्तीची घाई करू नका.