चंपा कोणाकडे?

हत्तीखान्यात राहणाऱ्यांना किस्से गोळा करावे लागत नाहीत. हत्तीच्या लिदीसारखे ते रोज आपोआप साचतात. आई म्हणते, मुलीच्या जातीने असं लिहू नये. पण साचतात ते साचतातच.

सिरोंच्याच्या वाटेवरच्या आमच्या जंगलात हत्ती सागाचे ओंडके ओढतात. त्यांतल्या चंपाचे माहूत माझे बाबा. दिवाळीआधीच्या आठ दिवसांत जे पाहिलं, ते मी सातवीपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

*

जुने जमादार घरी बसणार होते. रेंजरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "महादू, पुढचा जमादार तू. सगळ्या माहुतांवर तुझा हुकूम. आठ दिवस काम करून बघ, मग उत्तर दे."

आम्ही सगळे बाबांकडे पाहत होतो. बाबा चंपाकडे पाहत होते.

"साहेब, मग चंपा कोनाकडे?"

"सोमाकडे. जमादार हत्तीवर बसत नाही, महादू. माहुतांच्या डोक्यावर बसतो."

सोमाकाकांचा हत्ती गेल्या साली मेला. तेव्हापासून ते नुसता चारा तोडत. पण बाबांनी बारा वर्षांत चंपाला एक दिवस सोडलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी बाबा हजेरी घ्यायला गेले. रहीमचाचा म्हणजे बाबांचे जिवलग. एकच बिडी दोघांत ओढणारे. बाबांना पाहताच ते ताडकन उठले आणि बिडी पाठीमागे लपवली.

साहेब आले की काय, म्हणून बाबांनी घाबरून मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"तुलेच पाहून उठलो, जमादार," रहीमचाचा म्हणाले.

बाबांनी त्या दिवशी बिडी ओढली नाही.

*

आई उत्तराला थांबलीच नाही. जमादाराला मिळणाऱ्या कौलारू घरात गेली आणि जमादारीणबाईंना म्हणाली, "चूल इथी नको, बाई. धूर होते. मी तिकडं घालतो."

त्या चुलीवर त्यांचा भात शिजत होता. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

जमादारीणबाई म्हणाल्या, "घाल माय. पण भात तर उतरू दे."

*

मग रहीमचाचांना भरदुपारी डुलकी लागली आणि त्यांचा हत्ती मोती एका शेतकऱ्याच्या धानात शिरला. रिपोर्ट करणं जमादाराचं काम. बाबांना लिहिता येत नाही, म्हणून मी बसले.

"रहीमचं नाव नको टाकू."

"मग हत्ती कोणी नेला लिहू?"

"एकटाच गेला म्हन."

सरकारी कागदावर खोटं! तरी लिहिलं.

कागद परत आला. खाली साहेबांचा शेरा होता: 'हत्तीस सक्त ताकीद द्यावी.'

हुकूम तो हुकूम. बाबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि मला मोतीसमोर तो मोठ्याने वाचायला लावला. मोती कान हलवत उभा होता. मान खाली घातली ती रहीमचाचांनी.

*

चंपा दुसऱ्या कोणाच्या हातचं खाणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. बाबांची तर फारच. "उपाशी राहते का नाई, पाहजो," ते मला म्हणाले.

सोमाकाकांनी कणकेचा जाड रोट पुढे केला. चंपाने घेतला. दुसरा घेतला. चारही रोट संपवले आणि सोंडेने काकांचा खिसा चाचपला. बाबांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या दिवशी जेवले नाहीत ते बाबा.

*

आठव्या दिवशी साहेब आले, तेव्हा चंपाला रोट देणं चाललं होतं. आई नवं लुगडं नेसून दारात उभी होती.

"मग काय ठरलं, महादू?"

"साहेब, जमादार सोमाले करा."

आई मटकन खाली बसली. सोमाकाकांच्या हातातला रोट हातातच राहिला.

"सोमाला? का रे?"

बाबा जमिनीकडे पाहत म्हणाले, "चंपा त्याच्या हातचं खाऊन राह्यली, साहेब. आता त्याले तिच्याजवळ ठेवनं बरं नाई."