गिरजाकाकूचा अडीनडीचा डबा

शाळेत मी पोरांना खिचडी वाढत होते तेव्हा गावाहून शेजाऱ्याचा फोन आला. "बाई, गिरजाकाकू गेली. सकाळी चुलीपुढंच..." रांगेतल्या उरलेल्या सगळ्या पोरांना मी वाढलं आणि मग भिंतीला टेकून बसले. त्याला आता दीड महिना झाला. बल्लारपूरहून मुलचेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत मी रडले नाही, नुसती स्वतःवर चिडत राहिले. का, ते पुढे सांगते.

गिरजाकाकू माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका लवकर गेले. काकू तलावातली मासोळी विकत घ्यायची आणि मुलचेऱ्याच्या बाजारात नेऊन विकायची. त्यातून थोडं थोडं बाजूला टाकायची, अडीनडीला म्हणून. टाकायची खरी, पण तिच्या हातात पैसा टिकायचा नाही. तांदळाच्या पिंपात ठेवला की शेजारणीच्या पोराला वह्या हव्या असायच्या, कुणाला लग्नाला जायला तिकीट हवं असायचं. काकूला नाही म्हणता यायचं नाही. वर मलाच सांगायची, "घरात पैसा असून नाई म्हणाव तं तोंड कडू होते, बापा." मी शिकलेली पुतणी. तिला हाताला धरून बँकेत नेलं, खातं काढून दिलं. नेमकं तिच्या नणंदेच्या लेकीचं बाळंतपण अडलं तेव्हा लागून सुट्ट्या आलेल्या. बँकेच्या कुलपाकडे बघून काकू परतली आणि पुढच्या बाजारी सगळा पैसा काढून पुन्हा पिंपात आणून ठेवला.

त्यावर मी फोनवर वैतागून बोलले. "काकू, बँक नको ना? मग अशा माणसाकडे ठेव, ज्याच्यापुढे हात पसरायला तुला जिवावर येईल. म्हणजे उगाच मागायला जाणार नाहीस." मी बोलून विसरले. काकूने मात्र ते मनावर घेतलं.

बाजारात तिच्या शेजारी मालतीदी बसायची. बंगाली वस्तीतली, तीही मासोळीच विकणारी. एकदा काकूने गिऱ्हाइकापुढे ठणकावून सांगितलं होतं, "ते बर्फातली मासोळी आहे, आंध्रातून आलेली. ताजी पायजे तं इकडं या." मालतीदीने उठून आपल्या टोपल्याखालचं पाणी काकूच्या पाटीवर ओतलं. तेव्हापासून दोघींचा अबोला. जागा मात्र दोघींपैकी कुणी सोडली नाही. बाजारातली जागा म्हणजे सासरचं नाव, ती कोण सोडणार? वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून दोघी मुक्या बसल्या. आणि काकूने आपला अडीनडीचा पैसा ठेवायला सगळा तालुका सोडून हीच बाई निवडली. एका बाजारी उठताना तिने रुमालाची गाठ मालतीदीच्या पोत्यावर ठेवली आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाली, "हे कोणाले देजो नको. मलेही नाई." मालतीदीने गाठ उचलली आणि घरी पावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकली. मी हे ऐकलं तेव्हा पोट धरून हसले. काकू गंभीर होती. "ते माह्या पैशाले हात नाई लावाची. तिले तेवढा माज आहे," असं म्हणाली. शत्रूच्या माजावर एवढा भरवसा ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि खरंच, डबा कामाला आला. माझ्या वडिलांना धानाच्या बांधीत मण्यार चावली. गाडीवाला डिझेलचे पैसे आधी मागत होता. काकू अनवाणी धावत मालतीदीच्या अंगणात जाऊन उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. मालतीदीने तिचा चेहरा पाहिला आणि डबा आणून हातात दिला. माझे वडील आज आहेत ते त्या डब्यामुळे. पुढे काकू दर बाजारी गाठ ठेवून तो भरत राहिली, अबोला तसाच ठेवून.

या वर्षी तिचा राजू आणि सून मंदा तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. घरी काकू एकटी. काकू वारली त्याच्या चार दिवस आधी तिचा फोन आला होता. "छातीत भरून येऊन राह्यलं वो. ग्यास असन." मी म्हटलं, चंद्रपूरला दाखवू, गाडी करून ये. काकू म्हणाली, "गाडीले पैसा लागन. त्या बाईले मागा लागन ना. एवढ्याशासाठी कायले?" मी म्हटलं, बरं, रविवारी मी येते. काकू शुक्रवारी गेली.

तेरवीला मालतीदी आली. अंगणातच उभी राहिली, पदराखाली डबा. म्हणाली, "उसका है. बाजारात बसून छाती चोळत होती, मी पाहिली. मला वाटला, मागेल तर देईल. बोली नहीं... मी पण नाही बोलली." राजूने माझ्याकडे पाहिलं, शिकलेली म्हणून. मी म्हटलं, तुमच्याकडेच असू द्या. ती एकदम मागे सरकली. "नहीं बेटी. मेरे पास रखा, इसलिए वो मर गई." मला तिला सांगायचं होतं की ती अक्कल माझी होती. सांगितलंही. मग दोघी तिथेच ओट्यावर बसून रडलो.

डबा मी मंदाच्या हाती दिला. चुलीशेजारच्या फळीवर ठेव म्हटलं, हात सहज पोचेल असा. कुणी मागितलं तर दे. संपला तर संपू दे.

परवा मंदाचा फोन आला. आवाज चोरटा. "ताई, डब्यातले घेतले मी. दोन दिस झाले अंग तापून राह्यलं होतं, तं मुलचेऱ्याले दाखवून आली. काई नाई निघालं, साधाच ताप. पैसे फुकट गेले."

"फुकट नाही गेले," मी म्हणाले. "पुन्हा अंग तापलं तर पुन्हा घे."