खंडेनवमीला जिरवलेलं पाणी

महाळुंग्याला आमची कंपनी आहे. आहे मालकांची, पण काही चांगलं घडलं की मी 'आमची' म्हणतो, आणि वाईट घडलं की ती लगेच पुन्हा मालकांची होते.

तिथं नट-बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवतात आणि गंज धरू नये म्हणून त्यांना पिवळ्या रसायनात बुचकळून काढतात. ते पिवळं पाणी विषारी. ते शुद्ध करायचा प्लांट कंपनीत आहे आणि प्लांटसकट सगळ्या पर्यावरणाची जबाबदारी माझ्यावर आहे. का, तर मी रसायनशास्त्रातला बीएस्सी. कितव्या प्रयत्नात, हे मालकांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

मागच्या अंगाला एक आटलेली बोअर होती. एका उन्हाळ्यात माझ्या डोक्यात आलं की छपरावरचं पावसाचं पाणी हिच्यात सोडावं. पन्हळीतून गटारात, गटारातून वाळू-खडीच्या खड्ड्यात, तिथून बोअरच्या पोटात. पावसाळाभर बोअर घटाघटा पाणी प्यायली. मी कडेला पाटी लावली: 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. खाली 'संकल्पना' आणि माझं नाव. नाव घोषणेपेक्षा मोठं झालं, ही पेंटरची चूक. पेंटरला मापं मी दिली होती.

भिंतीपलीकडे एक मावशी राहतात. कंपनीची जमीन पूर्वी त्यांचीच. उरलेल्या तुकड्यावर घर, दोन म्हशी आणि त्यांची स्वतःची बोअर. तिचंच पाणी माणसांना आणि तिचंच म्हशींना. आमचं पाणी जिरलं आणि पुढच्या मे महिन्यात त्यांची बोअर आटली नाही. तेव्हापासून मी 'पान्याचा सायेब' झालो, आणि रोज दुपारी भिंतीवरून ताकाचा तांब्या यायला लागला. "तुज्यामुळं पानी हाय, तर तू पी की," असं त्या म्हणायच्या. मी प्यायचो. श्रेयासकट.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं शस्त्रं म्हणजे पाने आणि हातोड्या. आदल्या दिवसापासून अख्खं वर्कशॉप पाइप लावून धुतात, टाक्यांच्या कडा घासतात, झेंडू बांधतात. त्या वर्षी झेंडूच्या पाकळ्या आतल्या नालीत अडकल्या. प्लांटकडं जाणारी नाली तुंबली आणि पिवळं पाणी घोट्यापर्यंत चढलं. गुरुजी गेटवर येऊन उभे. मी फर्मान सोडलं, "मागच्या दारानं काढा!"

आमचा सुपरवायझर लातूरकडचा. तो म्हणाला, "साहेब, मागचं गटार तुमच्या बोअरकडं जातंय की."

"अहो, फरशीचं पाणी आहे. खाली वाळू आहे, खडी आहे. गाळून जाईल."

"रसायन गाळून जात असतं तर राव, प्लांट कशाला बांधलाय?"

मी पँट दुमडली आणि स्वतः वायपर हातात घेतला. त्याचा फोटो आहे. डोक्यावर फेटा, कपाळाला कुंकू आणि मी त्वेषानं पाणी बाहेर ढकलतोय. मालकांनी तो नोटीस बोर्डावर लावला. खाली लिहिलं, 'कामाला लाजू नका'.

मागचं दार सोयीचं आहे हे एकदा कळल्यावर दर शनिवारचं फरशी धुतलेलं पाणीही तिकडूनच निघायला लागलं. मी बघितलं, आणि नाली साफ करून घ्यायचं पुढच्या आठवड्यावर ढकललं. आमच्याकडं पुढचा आठवडा फार लांब असतो.

दिवाळीच्या आसपास मावशी काचेचा ग्लास घेऊन गेटवर आल्या. "सायबा, पानी पिवळं का दिसतंय?"

मी ग्लास उजेडात धरला. डोळे बारीक केले. "पाइप गंजलाय, मावशी."

"गंज तांबडा असतोय न्हवं?"

"सुरुवातीला पिवळा असतो."

हे वाक्य रसायनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नाही. पण मावशी म्हणाल्या, "तू म्हनतोस म्हंजी असंल," आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मला सर्दी झाली. त्यांच्या बोअरच्या पाण्यातलं ताक बंद. ती सर्दी काही केल्या हटेना.

मावशींनी पाइप उपसून बघितला, तो चांगला निघाला. म्हशी हौदाला तोंड लावेनात. तेव्हा त्यांनी भाच्याकडून प्रदूषण खात्याला अर्ज लिहून घेतला: कुठलीतरी कंपनी जमिनीत घाण सोडते आहे, तपास व्हावा. शेवटी एक ओळ होती: 'शेजारच्या कंपनीतील पाण्याचे साहेब जाणकार आहेत, त्यांचीही मदत घ्यावी.'

त्या अर्जावरून खात्याच्या मॅडम मदत घ्यायला माझ्याकडं आल्या.

त्यांच्या फायलीत मीच भरून दिलेला फॉर्म होता. 'आवारात सांडपाणी जमिनीखाली सोडणारी बोअर, विहीर वा खड्डा आहे काय?' पुढं माझ्या वळणदार अक्षरात 'नाही', आणि सही. मी त्यांना थेट पाटीपाशी नेलं. संकल्पना कशी सुचली ते सांगायला सुरुवात केली.

"या गटारात छपराचं पाणी येतं," त्या मधेच म्हणाल्या. "आणि त्या दारातून काय येतं?"

मी आभाळाकडं बघितलं.

"थोडा गुलाल मिळेल का?"

पूजेतला उरलेला गुलाल सुपरवायझरनं इतक्या चपळाईनं आणला की तो महिनाभर खिशातच घेऊन फिरत असावा. मॅडमनी तो बादलीत कालवला आणि मागच्या दारात ओतला. निवडणुकीच्या मिरवणुकीत मी पुष्कळ गुलाल अंगावर घेतला आहे. तो असा शिस्तीत, वळणं घेत माझ्याच नावाखाली जाऊन बोअरमध्ये उतरताना पहिल्यांदा पाहिला.

"छपराचं पाणी सोडलंत तर पुनर्भरण," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "हे सोडलंत की तीच बोअर बेकायदा. बाकीचे चोरून सोडतात. पाटी लावून सोडणारे तुम्हीच भेटलात."

दोन्ही बोअरच्या पाण्याचे नमुने गेले. मावशींचं पाणी पिण्याला अयोग्य ठरलं, जनावरांनासुद्धा. कंपनीला नोटीस आली, मुलाम्याचं काम थांबलं. मागच्या दाराच्या जागी भिंत उठली. आमची बोअर उपसून ते पाणी प्लांटला घ्यायचं आणि मावशींना रोज टँकर द्यायचा, असं ठरलं. मालक म्हणाले, "मावशींना सांगायला तुम्हीच जा. तुमची संकल्पना."

गेलो. मावशींनी रीतीप्रमाणं आधी पाण्याचा ग्लास पुढं ठेवला. मी त्याला हात न लावता सगळं सांगितलं. झेंडू, वायपर, शनिवार.

"म्हंजी गंज न्हवता," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"तवा तुला म्हाईत हुतं?"

"मला वाटलं, कदाचित..."

"म्हाईत हुतं का, येवढंच सांग."

तो पिवळा रंग मी वर्षानुवर्षं रोज आठ तास बघतो. ग्लास उजेडात धरला त्या क्षणी ओळखला होता. "व्हय," मी म्हणालो. माझ्या तोंडून त्यांचाच शब्द आला.

मावशींनी उठून म्हशींपुढं चारा टाकला. मग विचारलं, "सर्दी बरी झाली का?"

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ शिव्या बसल्या आहेत, बऱ्याचशा योग्य कारणांसाठी. या चार शब्दांएवढी एकही लागली नाही.

"मला सांगितलं असतंस तर म्या बी पेले नसते," त्या म्हणाल्या. मग ग्लास माझ्याकडं सरकवला. "पी. सकाळी ईकत आनलंय जारचं."

प्यायलो.

आता पाटी काढली आहे. ठरल्या दिवशी मी नमुन्यासाठी दोन बाटल्या घेऊन भिंतीपलीकडं जातो. मावशी स्वतः पंप चालू करतात आणि बाटली भरेपर्यंत माझ्या हाताकडं बघत उभ्या राहतात. गेल्या वेळचा रिपोर्ट आधीपेक्षा बरा आला, पण पिण्याजोगा नाही. मी तो वाचून दाखवला. त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, म्हणाल्या, "भाच्याकडून वाचून घीन," आणि पदराला बांधला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी अजून भिंतीपाशीच बसतो. तांब्या येत नाही. सर्दी मला अजिबात नाही.