बोट दाखवलं तर उठायचं न्हाई

पलटणीतल्या हंबीररावाला धाडायच्या पत्रात शेवटच्या घडीवर एकाच ओळीची जागा उरली होती, म्हणून मी 'पोरगा नाथाजी मुका आहे' असं लिहून टाकलं. त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, सांगितलं होतं ते असं : पोरगं सव्वातीन वर्षांचं झालं, अजून बोलत न्हाई, पण त्याला समजतंय सगळं. एवढं कोण लिहीत बसणार? गल्लीतली पत्रं मी फुकट लिहायचो. फुकटात एवढंच बसतं.

पलटणीतून उत्तर आलं. दिवाळीच्या रजेत येतो आणि पोराला पुण्याला मुक्यांच्या शाळेत ठेवून येतो. वाचून मीच दाखवलं. बनुबाई चुलीपुढं बसली ती उठेचना.

मग गाव उपचाराला लागलं. औंधच्या यमाईच्या घंटेत पाणी घालून ते पोराला पाजलं. पोपटानं चोच मारलेला पेरू शोधायला आम्ही तिघं शिकलेले दोन दिवस झाडाखाली माना वर करून उभे. पेरूनं पोराला ढाळ लागली. तेवढं मात्र न बोलता साऱ्या घराला समजलं.

राहिली अंबूबाई, हंबीररावाची आत्या. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि एक म्हैस घेऊन ती माहेरी आली, ती कायमची. दिवसभर म्हशींशी बोलायची, म्हणून गाव तिला हसायचं. मी जरा जास्तच. तिनं पोराच्या पाठीमागं बादली आपटली. पोरगं गर्रकन वळलं.

"ऐकू येतंय की! त्यानं बोलावं कशाला? नुसतं बोट केलं की पाच बायका उठत्यात. सरपंचाला तरी हाय का एवढा मान?"

दुसऱ्या दिवसापासून घरात तिचा कायदा. बोट दाखवलं तर कुणी उठायचं न्हाई. ती पोराला गोठ्यात न्यायची. "ही वैरण. टाकू का? टाकली बघ. आता धार." असं बोलायची, मग गप्प बसून त्याच्या तोंडाकडं बघायची. दोन हातांत दोन वाट्या : "दूध का ताक?"

"वन्सं, पोराला उपाशी मारता व्हय?" पोराची आजी ओरडायची.

"उपाशी न्हाई वैनी, वाट बघती. तुमी त्याच्या तोंडातनं बोलू नगा."

आठव्या दिवशी पोरगं "ता" म्हणालं. तिनं लगेच वाटी पुढं केली. अख्खा शब्द मागत बसली न्हाई. मी म्हटलं, "आवं आत्ती, म्हशी कवा बोलणार?"

"तुज्यापरीस शानं बोलतील."

दिवाळीला हंबीरराव आला. पाच बायकांनी पोराला घेरलं. "बाबा म्हण! म्हण की रं!" पोरगं बनुबाईच्या पदरात शिरलं, ओठ शिवल्यासारखे. हंबीरराव म्हणाला, "परवाच्या गाडीनं निघतो. कपडे बांधा."

अंबूबाईनं भावजयांना, लेकीसुनांना दटावून बसवलं. "हंबीरा, म्हशीला वैरण टाक जा. पोरगं येईल मागनं. तू काय इचारू नगंस."

हंबीरराव पेंडी घेऊन वाकला. म्हैस अनोळखी माणसाला बघून फुरफुरली. दारातनं आवाज आला :

"सल! मालती!"

बाजूला सर, म्हैस मारती, असं म्हणायचं होतं. हंबीरराव तिथंच पेंडीवर बसला. म्हशीनं खरंच मारलं, ते त्याला बराच वेळ कळलं न्हाई. कपडे कुणी बांधले न्हाईत.

पाडव्याला मी शहाणपणानं नाथाजीला म्हटलं, "साताऱ्यासनं तुला चित्रांचं पुस्तक आणतो, सोमवारी." परवा त्यानं पारावर सगळ्यांदेखत विचारलं, "पुत्तक कवा?" हा तिसरा सोमवार. मी अजून साताऱ्याला गेलेलो न्हाई.