सोळा तासांची शिदोरी

जवसाच्या चटणीचा डबा उघडला की मला माझं पहिलं विमान आठवतं. सिहोऱ्यात आई प्रवास जेवणांत मोजायची. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सोळा तास, म्हणून तिनं पोळी-चटणीची तीन पुडकी बांधली. दोन वाटेतली, एक उतरल्यावरचं.

"विमानात जेवन भेटते वं आई," मी चिडले.

"अन् उतरल्यावर तुले कोन देईन?"

नागपूर विमानतळावर बॅग जड भरली. तिसरं पुडकं मी बाबांच्या हातात दिलं.

तिकडे उतरल्यावर खोलीची किल्ली मिळेपर्यंत मी सहा तास उपाशी बसले. बाबांनी ते पुडकं परतीच्या एसटीत खाल्लं होतं, आणि घरी सांगितलं, "पोरीनं समदं नेलं." मला त्यांनी हे फोनवर हळूच सांगितलं.

आई अजून विचारते, "तिसरं कामी आलं ना वं?"

मी हो म्हणते.