ताईंनी न वाचलेली सूचना

तुमचा आवाज तुम्हाला घरी ठेवून शहरभर फिरला आणि खोटं बोलून आला, तर तुम्ही कुणाचा कान धरणार?

हा प्रश्न रेडिओवाल्या ताईंच्या दारात एका म्हाताऱ्या शिंप्याने आणून उभा केला. ताई एकोणीस वर्षं केंद्रावर बातम्या वाचत होत्या. बातम्यांच्या शेवटी हरवलेल्या माणसांच्या सूचना असायच्या. त्या वाचण्याआधी ताई दर वेळी त्या घरी फोन लावायच्या, "आले का हो घरी?" आले असतील तर कागदावर काट. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या नियमातही नव्हतं.

मग केंद्राने त्यांचा आवाज संगणकात भरून घेतला. "तुम्ही रजेवर असलात तरच वापरू," साहेब म्हणाले. ताईंनी सही ठोकली. जन्मभर दुसऱ्यांचे कागद वाचणाऱ्या बाईने स्वतःचा तेवढा वाचला नाही. चार महिन्यांत केंद्राने त्यांना घरी बसवलं, आवाज कामावर राहिला. त्याला खोकला येत नाही, चहा लागत नाही.

आणि आता हा शिंपी. गळ्यात टेप, डोळ्यांत जाळ.

"ताई, मी हरवलोय का?"

"समोर तर उभे आहात, काका."

"मग रोज चार वेळा रेडिओवर कशाला सांगताय?"

काका न सांगता बहिणीकडे गेले होते. मुलाने घाबरून सूचना दिली, काका संध्याकाळी परतलेसुद्धा. सूचना रद्द करायचं मुलगा विसरला, आणि यंत्र काही फोन करून विचारत नाही. सहा दिवस ताईंचा आवाज काकांना हरवत होता.

"बटणं आणायला गेलो, दुकानदाराने धरून बसवलं. परवा बसमधून उतरवलं. काल पोलिसांनी घरी सोडलं, तर सून म्हणते, आज लवकर सापडलात! मी हरवलेलो नाही म्हटलं, की लोक म्हणतात, ताईंनी सांगितलंय म्हणजे हरवलाच असणार."

ताईंना हसू येत होतं, ते या शेवटच्या वाक्याला थांबलं. चपला घालून त्यांनी तडक केंद्र गाठलं.

"एवढंच ना? काढून टाकतो सूचना," साहेब म्हणाले.

"आणि उद्याच्या सूचनेला फोन कोण करणार?"

"त्यासाठी माणूस परवडत नाही, ताई."

"मग माझा आवाजही वापरू नका. यंत्राला दुसरा आवाज द्या, लोक निदान खात्री करून घेतील. नाहीतर मला फोनपुरतं बसवा."

"आवाज आता केंद्राचा आहे. सही तुमचीच. आणि तक्रार म्हणाल, तर तुमची एकटीचीच आहे."

तीच तर गोम आहे. एकोणीस वर्षांत ज्यांच्या घरी तो फोन वाजला, ते सगळे गप्प घरी बसलेत, म्हणून साहेबांना बाई एकटी दिसते. सोमवारी सकाळी अकरा वाजता ताई आणि काका केंद्राच्या दारात असतील. तुमच्या घरचं कुणी कधी हरवलं असेल आणि ताईंनी फोन करून विचारलं असेल, तर या, आणि ते साहेबांना तोंडावर सांगा.